उंचीवरचा त्रास: पोतोसीच्या खाणींनी डॉक्टरांना काय शिकवलं?

उन्हाळा जवळ आला की लेह-लडाखला निघालेली मंडळी तपासणीसाठी येऊ लागतात. त्यातल्या आपल्या नगर जिल्ह्यातल्या तरुणांचं म्हणणं साधारण एकच असतं. "डॉक्टर, कळसूबाई दोन-तीनदा झालंय, हरिश्चंद्रगडही झालाय. आम्हाला काय होणार?"

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आपल्या अकोले तालुक्यातलं. त्याची उंची १६४६ मीटर. बारी गावातून शिड्या चढत वर जाणाऱ्याचा दम चांगलाच निघतो, पण तो चढणीमुळे, हवेमुळे नाही. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे विमानातून उतरून नुसतं खुर्चीत बसलं तरी डोकं दुखू शकतं. तिथे तुमच्या पायांतल्या ताकदीची परीक्षा नसते. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तुम्ही किती वेळ देता, यावर सगळं अवलंबून असतं.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कळायला जवळजवळ चारशे वर्षं लागली. आणि ती कळली ती मुख्यतः गिर्यारोहकांकडून नाही, तर दक्षिण अमेरिकेतल्या उंचावरच्या खाणींच्या गावांतून. आज त्याचीच गोष्ट.

उंचीवर नेमकं काय होतं?

अनेकांना वाटतं की उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं. तसं नाही. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की हवा विरळ होते आणि एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीला तो १०० धरला, तर कळसूबाईच्या माथ्यावर तो ८० च्या थोडा वर असतो, लेहला सुमारे ६५ आणि ४००० मीटरवर जेमतेम ६०.

सुमारे २५०० मीटरच्या वर हा फरक शरीराला जाणवू लागतो. म्हणूनच कळसूबाईवर "हाय अल्टिट्यूड"चा त्रास होत नाही आणि तिथल्या सरावाने त्यापासून संरक्षणही मिळत नाही.

चांदीचं शहर

आजच्या बोलिव्हियात सुमारे ४००० मीटर उंचीवर पोतोसी नावाचं शहर आहे. १५४५ मध्ये तिथल्या 'सेरो रिको' म्हणजे 'श्रीमंत डोंगर' या डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी सापडली आणि उजाड माळावर शहर उभं राहिलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दीड लाखांहून अधिक लोक राहत असल्याचं सांगतात. त्या काळात जगातल्या मोजक्याच शहरांत इतकी वस्ती होती.

तो काळ आपल्याला परका नाही. नगरला तेव्हा निजामशाही होती आणि १६०० मध्ये नगरचा किल्ला मुघलांनी घेतला. अमेरिकेतली ही चांदी युरोपमार्गे गोवा, सुरतेसारख्या बंदरांत उतरत होती आणि मुघलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडत होते.

या चांदीची किंमत स्थानिक आदिवासींनी मोजली. १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने सक्तीच्या मजुरीची पद्धत पक्की केली. तिला 'मिता' म्हणत. तिच्याखाली दरवर्षी सुमारे १३ हजार पुरुषांना गावोगावहून खाणीच्या कामाला आणलं जाई. आत उकाडा आणि धूळ, बाहेर गोठवणारी थंडी. चांदी वेगळी करायला पारा वापरत, त्याची विषारी वाफ वेगळीच.

जुन्या नोंदी काय सांगतात?

होसे दे अकोस्ता हा स्पॅनिश धर्मगुरू पेरूमधल्या पारियाकाका डोंगराची खिंड ओलांडत असताना त्याला भयंकर उलट्या झाल्या. जीव जातो की काय असं त्याला वाटलं. १५९० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे लिहिलं आणि अंदाज बांधला की तिथली हवा माणसाच्या श्वासाला पुरेशी नाही, ती फार विरळ आहे. हवेचा दाब मोजण्याचं साधन तेव्हा निघालंही नव्हतं, हे लक्षात घेतलं की या निरीक्षणाचं मोल कळतं.

दुसरी नोंद जास्त हृदयद्रावक आहे. कालांचा नावाच्या धर्मगुरूने १६३० च्या दशकात लिहून ठेवलं आहे की पोतोसीत स्पॅनिश दांपत्यांची मुलं जन्मल्यावर जगत नसत. म्हणून बायका बाळंतपणासाठी खालच्या खोऱ्यांत जात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे जन्मून जगलेलं पहिलं स्पॅनिश मूल शहर वसल्यानंतर ५३ वर्षांनी झालं. लोकांनी त्याला संताचा चमत्कार मानलं. मात्र डोंगरातल्या मूळ रहिवाशांची मुलं त्याच हवेत जन्मत आणि वाढत होती.

आज याचं कारण बरंच उलगडलं आहे. उंचीवर गर्भाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि बाळाचं वजन कमी भरतं. पण हजारो वर्षं तिथे राहिलेल्या अँडीज पर्वतातल्या लोकांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या असे बदल झाले आहेत की त्यांच्या गर्भाला हा तोटा कमी होतो.

आज तिथे जाणाऱ्यांचे अनुभव

पोतोसी आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे (१९८७ पासून). पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात जग फिरणारे तरुण, ज्यांना बॅकपॅकर म्हणतात, ते तिथली जुनी टांकसाळ, चर्च आणि खाणी बघायला जातात. त्यांचे अनुभव बरेचसे सारखेच असतात. चढाच्या गल्लीत वीस पावलं टाकली की थांबावं लागतं. रात्री डोकं ठणकतं, झोप येत नाही, भूक मरते. झोपेत श्वास थांबल्यासारखं वाटून दचकून जाग येते.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सुक्रे हे शहर सुमारे २८०० मीटरवर आहे. तिथून बसने येणारा प्रवासी काही तासांत हजार मीटरहून जास्त वर चढतो, त्याला त्रास होण्याची शक्यता अधिक. जो उयुनीच्या मिठागरांकडून, म्हणजे ३६०० मीटरच्या भागात तीन-चार दिवस राहून येतो, त्याला तेच शहर बरंच सोपं जातं. दोघांचं वय सारखं, तब्येत सारखी. फरक फक्त शरीराला मिळालेल्या दिवसांचा.

बरेच प्रवासी खाणीतही उतरतात. आधी बाजारातून खाणकामगारांसाठी कोकाची पानं आणि सरबताच्या बाटल्या भेट म्हणून घेतात, मग वाकून, कधी रांगत बोगद्यात शिरतात. धूळ आणि उकाड्याने तासाभरात जीव नकोसा होतो. ते बाहेर येतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला जातात. खाणकामगार मात्र तिथेच राहतो. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साठून त्याला सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. आपल्याकडे दगडखाणीत, खडी क्रशरवर काम करणाऱ्यांनाही तोच होतो. पोतोसीत तर आजारी फुप्फुसांना मुळात ऑक्सिजनच कमी मिळतो, त्यामुळे हाल दुप्पट. दमा असलेल्या प्रवाशाने अशा खाणीत जाऊच नये.

खाणींनी शिकवलेले तीन धडे

पहिला धडा रक्ताचा. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये दाखवून दिलं की त्रासाचं मूळ ऑक्सिजनच्या कमी दाबात आहे. त्यानंतर १८८९ मध्ये व्हिओ हा फ्रेंच डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचा या सुमारे ४४०० मीटरवरच्या खाणींच्या भागात गेला आणि त्याने स्वतःचं रक्त तपासलं. एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख लाल पेशी होत्या, त्या तीन आठवड्यांत ८० लाखांच्या आसपास गेल्या. कमी ऑक्सिजनला शरीर असं उत्तर देतं.

दुसरा धडा, हे उत्तर कधी कधी अति होतं. १९२५ मध्ये लिमाचे डॉ. कार्लोस मोंहे यांनी सेरो दे पास्को या खाणींच्या शहरातला एक रुग्ण अभ्यासला. वर्षानुवर्षं उंचावर राहिल्याने त्याच्या लाल पेशी बेसुमार वाढल्या होत्या. रक्त घट्ट, चेहरा जांभळट, डोकं सतत जड. हा आजार आजही मोंहेंच्या नावाने ओळखला जातो. "हिमोग्लोबिन जितकं जास्त तितकं चांगलं" असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. डॉ. थॉमस रेव्हनहिल हे चिलीतल्या सुमारे ४७०० मीटरवरच्या खाणींमध्ये कंपनीचे डॉक्टर होते. तिथे माणसं समुद्रकिनाऱ्यावरून रेल्वेने दोन दिवसांच्या आत पोहोचत. ती चालून दमलेली नसत, तरीही आजारी पडत. म्हणजे दोष थकव्याचा नव्हता. १९१३ मध्ये त्यांनी या आजाराचे तीन प्रकार लिहिले: नेहमीची डोकेदुखी-मळमळ, छातीवर येणारा आणि मेंदूवर येणारा. शेवटचे दोन जीवघेणे असतात, हेही त्यांनी नोंदवलं.

आणि हा लेख विस्मरणात गेला! पुढे कित्येक वर्षं उंचावर छातीत पाणी झालेल्या माणसांना "न्यूमोनिया" ठरवलं जात राहिलं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी हा प्रकार पुन्हा जगासमोर मांडला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात आपले जवान सपाटीवरून थेट हिमालयात पाठवले गेले तेव्हा असंख्य जण आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये जो लेख लिहिला, तो आजही जगभर वाचला जातो. नगर हे तर लष्करी केंद्राचं गाव. आज आपल्या जवानांना वर नेताना टप्प्याटप्प्याने थांबवतात, त्यामागे हा अनुभव आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

- विमानाने लेहला गेलात तर पहिले ४८ तास विश्रांती. त्याच दिवशी खार्दुंग ला नको.
- ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याचं ठिकाण रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा.
- दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.
- डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं.
- बसल्या जागी धाप, सतत खोकला, गुलाबी फेस, ओठ निळे पडणं ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणं. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, सरळ रेषेत चालता न येणं ही मेंदूला सूज आल्याची. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. ऑक्सिजन द्या, लगेच खाली न्या, दवाखाना गाठा.
- कापूर हुंगल्याने बरं वाटल्याचा भास होतो, ऑक्सिजन वाढत नाही. पोतोसीतल्या कोकाच्या चहाचाही ठोस पुरावा नाही, आणि कोकाची पानं भारतात आणणं बेकायदेशीर आहे.
- ॲसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.
- हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, सिकल सेल, गर्भारपण असेल तर तिकीट काढण्याआधी भेटा.

उंचीचा त्रास होणं म्हणजे कमकुवत असणं नाही. पैलवानालाही होतो आणि पंचविशीतल्या धावपटूलाही. किंबहुना तरुणांनाच धोका जास्त, कारण ते त्रास लपवतात आणि ग्रुपच्या मागे पडायला लाजतात. सोबतचा कुणी गप्प झाला, जेवेना, मागे राहू लागला तर त्याला चिडवू नका, त्याच्याजवळ थांबा. सहलीच्या कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवायला लागणारा खर्च हा यावरचा सर्वांत स्वस्त उपचार आहे.