नाळ उतरण्याचा हंगाम

आषाढातल्या एखाद्या रविवारी सकाळी वरवे बुद्रुकच्या थांब्यावर थोडा वेळ उभे राहावे. खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून साताऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या वाहनांत काही गाड्या वेगळ्या ओळखू येतात. आत हेल्मेटांची चळत, मागच्या सीटवर दोरांच्या पिशव्या, आणि पहाटे उठल्यामुळे पेंगुळलेली विशी-तिशीतली मुलेमुली. नसरापूरजवळ चेलाडीच्या फाट्याला या गाड्या उजवीकडे वळतात, वेल्हे ओलांडतात आणि सह्याद्रीच्या धारेवरच्या केळद गावी पोचतात. तिथे मढे घाटाच्या माथ्यावर लक्ष्मी धबधब्याच्या कड्यात दोर सोडले जातात. दिवसभर माणसे पाण्याच्या माऱ्यात कडा उतरतात आणि शेजारच्या जुन्या घाटवाटेने धापा टाकत वर येतात.

भोर-वेल्ह्याच्या घाटवाटांच्या नोंदी मी बरीच वर्षे जमवतो आहे. जी वाट आज परतीची सोय म्हणून वापरली जाते, ती मुळात कशासाठी होती, हा प्रश्न मला या गाड्यांनीच घातला. या लेखात त्याचे उत्तर शोधायचा प्रयत्न केला आहे.

आधी भूगोल. शिवगंगा, गुंजवणी, कानंदी, वेळवंडी या नद्या पूर्वेकडे वाहतात. त्यांचे पाणी नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. खेडबारे, गुंजण मावळ, कानद मावळ ही जुनी नावे याच खोऱ्यांची. केळदच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटते. तिथून पुढे पडणारा पाऊस सावित्रीमार्गे अरबी समुद्राला जातो. या तुटलेल्या काठावरून खाली जायचे दोन प्रकार होते: घाट आणि नाळ. घाट म्हणजे सोंडेवरून किंवा उतारावरून वळणे घेत जाणारी वाट. नाळ म्हणजे काळ्या पाषाणातल्या भेगा पाण्याने झिजून तयार झालेली अरुंद, धोंड्यांनी भरलेली घळ. मढे, उपांड्या, गोप्या, शेवत्या हे घाट. सिंगापूरची नाळ आणि रायलिंगाच्या पठारावरून लिंगाण्याच्या खिंडीकडे उतरणारी बोराट्याची नाळ या दुसऱ्या प्रकारातल्या. आजच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट ‘ट्रेक’ म्हणतात. वापरणाऱ्यांच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

कागदोपत्री इतिहास या वाटांवर फारसा रेंगाळत नाही. 4 फेब्रुवारी 1670 रोजी सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले आणि त्यांचा देह याच वाटेने पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, म्हणून घाटाचे नाव मढे, असे लोकपरंपरा सांगते. ही परंपरा आहे, ती परंपरा म्हणूनच घ्यावी. पण खांद्यावर ओझे घेतलेल्या माणसांना ही वाट उतरता येते, हे त्या कथेने गृहीत धरले आहे. शिवाय ती घटना माघातली, म्हणजे कोरड्या दिवसांतली आहे. पुढच्या काळात घाटांची नोंद झाली ती मुख्यतः जकातीपायी. 1885 च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये घाटांची मोठी यादी आहे आणि कोणत्या घाटातून लादलेले बैल जातात, कोणत्यातून फक्त पायी माणसे, हे नोंदवले आहे. मढे घाटाच्या माथ्यावर तेव्हा भोर संस्थानाचा प्रचंडगड तालुका होता आणि पायथ्याला इंग्रजांचा कुलाबा जिल्हा. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. वरंध घाटातून भोर ते महाड मोटाररस्ता झाला आणि ओझ्यांची वाहतूक हळूहळू तिकडे सरकली.

राहिले ते डोक्यावरचे ओझे. केळदच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांशी मी तीन-चार हिवाळे बोलत आलो आहे. तरुणपणी ते हिरडा घेऊन खाली बिरवाडी-महाडच्या बाजाराला जात आणि येताना मीठ, सुकट, बोंबील आणत. घरातल्या दोन लेकी खाली कोकणात दिलेल्या. मी त्यांना विचारले, “बाबा, पावसाळ्यात कसे जायचा?” ते म्हणाले, “घाटानं जायाचं, काठी टेकत. नाळंत न्हाई. नाळ दिवाळीपत्तूर बंद.” “कोण बंद करायचे?” यावर ते हसले. “कोन कशाला करंल? पानी खाली आल्याव कळतंय व्हय? पाऊस वर पडतो, आपुन खाली असतो.”

माझ्या मते या प्रदेशाच्या साहसाचा इतिहास या एका उत्तरात आहे. नाळेच्या वर पठार असते. तिथे तासभर ढग फुटला, तर ते सगळे पाणी एका अरुंद तोंडाने खाली येते. नाळेत असलेल्या माणसाला वरचे आकाश पट्टीएवढे दिसते, त्यामुळे पाण्याआधी ढग दिसत नाही. पाण्याबरोबर सुटे धोंडे येतात, आणि दोन्ही बाजूंना भिंती असल्याने बाजूला सरायला जागा नसते.

हे अज्ञान आपल्यापुरते नाही. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ साक्सेटबाख ओढ्याच्या घळीत उतरलेल्या तरुणांवर वरच्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि 21 जण मृत्युमुखी पडले. तिथे दोर होते, हेल्मेट होती, वाटाडेही होते. चुकला तो वरच्या पावसाचा अंदाज.

दोराने उतरण्याची आजची रीत आल्प्समधली. शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले-स्त्राताँ याने 1870 च्या दशकात पेती द्रू शिखराच्या मोहिमांत दुहेरी दोर अडकवून उतरायचे आणि मग एक टोक ओढून दोर परत घ्यायचा, ही युक्ती वापरली. ‘रापेल’ या फ्रेंच शब्दात परत बोलावण्याचा अर्थ आहे. माणूस खाली गेला की दोरही माघारी येतो. आपल्याकडे कडा उतरण्याची सर्वांत लाडकी कथा रायगडच्या हिरकणीची. तिच्याकडे दोर नव्हता आणि थराराची हौसही नव्हती. घरी तान्हे बाळ होते. घाटवाटा वापरणाऱ्या सगळ्यांचे असेच होते. धोका पत्करावा लागे, म्हणून तो कमीत कमी कसा करायचा याचे शास्त्र त्यांनी बनवले. कोणत्या महिन्यात कोणती वाट धरायची, हा त्याचा गाभा.

हौशी भटक्यांनी या वाटा पुन्हा शोधल्या, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. गो. नी. दांडेकरांच्या पिढीने गड पायाखाली घातले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाने वाटांची माहिती घरोघर नेली. मात्र आपल्यापर्यंत वाट पोचली, तिचे पंचांग पोचले नाही. ज्या दिवसांत गावकरी पाण्याच्या वाटेपासून लांब राहत, नेमके तेच दिवस आता हंगाम ठरले.

राज्य सरकारने 2018 मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी शासन निर्णय काढला आणि 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. प्रशिक्षित माणसे, नोंदणी, विमा यांची गरज होतीच. तरी 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि जिल्हा प्रशासनाने मावळ-मुळशीपासून भोर-वेल्ह्यापर्यंतच्या पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. त्या वेळी असा आदेश निघणे स्वाभाविक होते. पण सरसकट बंदीला घाट आणि नाळ यांतला फरक कळत नाही. धबधब्याच्या डोक्यावर उभे राहणे आणि गावातल्या पडवीत बसून पिठलं-भाकरी खाणे, दोन्ही एकाच वेळी थांबते. ज्या घरांची चूल चार महिन्यांच्या पाहुण्यांवर चालते, त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. बंदी सैल झाली की पुन्हा सगळे सगळीकडे जातात, कारण कुठे का जायचे नाही, हे कोणी सांगितलेलेच नसते.

हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत, पण थोडी. डोक्यावर ओझे घेऊन घाट चढलेली शेवटची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्याकडून प्रत्येक वाटेचा हंगाम, पाणी चढण्याच्या खुणा आणि आडोशाच्या जागा लिहून घ्याव्यात, आणि त्या गावाच्या नावानिशी माथ्यावरच्या फलकावर लावाव्यात. दोर लावणाऱ्यांनीही दोर सोडण्याआधी गावात विचारावे. मी माझ्यापुरते हे काम सुरू केले आहे. माझ्या वहीत आतापर्यंत अकरा वाटा झाल्या आहेत.

गेल्या कार्तिकात बाबांना मी फोन केला होता. नाळ उघडली का, असे विचारले. ते म्हणाले, “अजून आठ दिस थांब. धोंड्याव शेवाळ हाय.” मी थांबलो.