दुष्काळातील सुकडी आणि आजचा एनर्जी बार

१/५
रोज एनर्जी बार खाल्ल्याने त्याची सवय जडते काय? तो अपायकारक ठरतो काय? या प्रश्नांचा विचार १९७२ च्या दुष्काळापासून करता येतो.

२/५
माणगंगेकाठचे म्हसवड सातारा जिल्ह्याच्या पर्जन्यछायेत वसले आहे. १९७२ मध्ये अशा पट्ट्यांत पावसाने पाठ फिरवली आणि राज्यभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुरांना सुकडी वाटली जाई. ते भाजलेल्या पिठाचे गोड, कोरडे व टिकाऊ खाद्य होते.

३/५
सुकडीही गोड होती आणि रोज खाल्ली जात होती. मग फरक कोठे? श्रमांत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० किलोकॅलरी पुरतात, तर अतिकष्टाचे काम करणारीला २,७२० लागतात. खडी फोडणारीच्या अंगी लागणारे गोड खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगावर चढते.

४/५
जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले. बारमध्ये साखरेऐवजी गूळ वा मध असला, तरी या मर्यादेतून सुटका नाही.

५/५
राहिला सवयीचा प्रश्न. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात ‘खाद्यव्यसन’ हा विकार नाही. परंतु ठरावीक वेळी रोज गोड मिळाले, की मन त्या वेळेची वाट पाहू लागते. सुकडीची वेळ भूक ठरवीत असे. बारची वेळ बहुधा घड्याळ ठरवते. म्हणून वेष्टनावरील प्रथिनांचा आकडा पाहण्याआधी दिवसभराच्या श्रमांचा हिशेब मांडावा.