१४ दिवसांची कलाकृती, २४ वर्षांची कागदपत्रं

‘तात्पुरत्या कलाकृतींमुळे शहरातल्या सार्वजनिक जागा जिवंत होतात’ असं वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावात लिहिणार असाल, तर आधी बर्लिनचं एक उदाहरण बघा.

जून १९९५ मध्ये ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने राइशटाग ही जुन्या संसदेची अख्खी इमारत चंदेरी कापडात गुंडाळली. १ लाख चौरस मीटरहून जास्त कापड, १५.६ किलोमीटर निळा दोर आणि बांधायला ९० गिर्यारोहक! सरकारचा एक पैसाही नाही. खर्च स्वतःची रेखाटनं विकून काढला. १४ दिवसांनी कापड उतरवायला सुरुवात झाली.

आता प्रश्न असा, की अभ्यास फक्त त्या १४ दिवसांचा करायचा का? मूळ कल्पना १९७१ची. तेव्हा बर्लिनची भिंत इमारतीच्या पाठीला लागून होती. १९७७, १९८१ आणि १९८७ असा तीनदा नकार मिळाला. भिंत पडल्यावर, २५ फेब्रुवारी १९९४ला जर्मन संसदेत यावर चक्क चर्चा होऊन मतदान झालं: बाजूने २९२, विरोधात २२३. चॅन्सेलर कोल विरोधात होते. राष्ट्राच्या प्रतीकावर असा प्रयोग केला तर लोकांमध्ये फूट पडेल, असं विरोधकांचं म्हणणं होतं. कापड गेलं, पण त्या चर्चेचं इतिवृत्त उरलं. इतिहासाच्या अभ्यासकासाठी खरं साधन ते आहे. ती जागा कोणाची आणि तिथे काय चालेल, हे लोक त्यात उघडपणे बोललेत.

मग ‘जागा जिवंत झाली’ याचं काय? सुमारे ५० लाख लोक आले असं सांगतात. पण तिकीट नव्हतं, मैदान खुलं होतं. म्हणजे हा आकडा अंदाजाचा. त्यात कापड निघाल्याबरोबर नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्यानुसार नूतनीकरण सुरू झालं आणि १९९९ मध्ये संसदच तिथे आली. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ची सरळ तुलना जमत नाही. आज तिथे दिसणारी गर्दी कापडामुळे, संसदेमुळे की काचेच्या घुमटामुळे, हे वेगळं कसं काढणार?

म्हणून प्रस्तावातला प्रश्न थोडा बदला. ‘जागा जिवंत झाली का?’ याऐवजी ‘परवानगी कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने दिली किंवा नाकारली?’ असं विचारा. याचं उत्तर कागदपत्रांत सापडतं. आणि नकाराची फाइल आधी मागवा. कारणं तिथेच सविस्तर लिहिलेली असतात.