लग्नाला किती कॅमेरे पुरतात?

लग्न ठरलं की हॉल आणि केटररच्या खालोखाल बोलणी होतात ती फोटोग्राफरशी. किती दिवस, किती तास, किती माणसं यावरच ती चालतात. दोन कॅंडिडवाले, एक ट्रॅडिशनल, दोन व्हिडिओ, वर ड्रोन, करिझ्मा अल्बम, आणि सगळा डेटा हार्ड डिस्कवर. यामागे एक सिद्धान्त आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, पण घरोघरी मान्य आहे. लग्न एकदाच होतं. हॉल रिकामा होतो, जेवण पचून जातं, फुलं दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पडतात, मागे राहतात ते फोटोच. म्हणून हात आखडायचा तर दुसरीकडे कुठेही आखडा, इथे नको. जितकं टिपाल तितकं उरेल.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. त्यातलं पहिलं विधान मला पूर्ण मान्य आहे: फोटोच उरतात. चूक पुढच्या ‘म्हणून’मध्ये आहे. उरतं ते काय आणि तीस वर्षांनी त्यात कोण काय शोधतं, हे न विचारताच आपण टिपण्याचे तास वाढवत नेतो.

माळ्यावरचा जुना अल्बम काढून बघा. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यातल्या रोलवर चौरस फोटो निघत ते बारा. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला त्यावर छत्तीस. रोलला आणि धुलाईला पैसे पडत, म्हणून फोटोग्राफर हात राखून काम करी. तो अल्बम आज उघडला की नवरानवरीकडे कुणी फारसं बघत नाही. ती दोघं तर समोरच्या खोलीत बसलेली असतात. बोट जातं ते कडेला अर्धवट कापल्या गेलेल्या आत्याकडे, टोपी सारखी करणाऱ्या आजोबांकडे, मांडीवरच्या पोराकडे. ‘ही कोण गं?’ हा प्रश्न आणि त्यावरचं उत्तर, अल्बमचा खरा उपयोग तेवढाच. आता गेल्या दोन-चार वर्षांतल्या एखाद्या लग्नाचा अल्बम घ्या. सुरुवातीची पानं हॅंगरवर टांगलेल्या शालूची, मोजड्यांची, मेंदीभरल्या हातांची. छायाप्रकाश अप्रतिम. पण अकोल्याहून रात्रभर एसटीत बसून आलेले काका त्यात सापडायचे नाहीत.

पूर्वपक्षी म्हणेल, तास वाढवा म्हणजे काकाही येतील. येत नाहीत. कॅमेरा मुळात वधूवरांभोवती फिरत असतो. तास वाढले की त्यांचेच फोटो वाढतात. काकांचा फोटो येतो तो ज्याची आपण टिंगल करतो त्या ट्रॅडिशनलवाल्याच्या कॅमेऱ्यात. स्टेजवर रांग लावून, आहेराचं पाकीट हातात देत, ‘इकडे बघा’ म्हटल्यावर ताठ होऊन काढलेला फोटो. कॅंडिडच्या जमान्यात हा प्रकार गावठी ठरला. माझ्या मते सगळ्या पॅकेजमधलं सर्वांत टिकाऊ काम तेच. त्यात माणूस ओळखू येतो, तो आला होता हे कळतं, आणि कुणासोबत आला होता हेही.

दुसरा युक्तिवाद निवडीचा: भरपूर फोटो असले की चांगले वेचून घेता येतात. हिशेब करून बघू. चार हजार फोटो म्हणजे आजकाल मध्यम काम. प्रत्येकाला पाच सेकंद दिले तरी नुसतं बघायला साडेपाच तास लागतात, आणि त्यात एकाच हसण्याच्या नऊ आवृत्त्यांतून एक ठरवायची असते. म्हणून तर लग्नाला वर्ष होत आलं तरी ‘ताई, सिलेक्शन पाठवा ना’ असे फोटोग्राफरचे निरोप येत राहतात. निवड फुकट मिळत नाही. पूर्वी ती रोलच्या भीतीने जागच्या जागी होई. आता ती ढकलली जाते आणि बहुधा होतच नाही.

पण खरं दुखणं मांडवात आहे. अंतरपाटाचे क्षण घ्या. दोन्ही मामा उभे, मंगलाष्टकं चालू, मुहूर्ताचं मिनिट पंचांगातून काढलेलं, आणि अक्षता मुठीत धरलेल्या लोकांना दिसतात त्या कॅमेरेवाल्यांच्या पाठी. अंतरपाट दूर होतो तेव्हा दोघं एकमेकांना दिसतात. बाकीच्यांना ती समोरच्या एलईडी पडद्यावर दिसतात. मग ‘हार जरा वर धरा, परत एकदा’. मुहूर्त चुकू नये म्हणून गुरुजींना घाई करणारे आपण लेन्ससाठी तोच मुहूर्त खुशाल थांबवतो. सूनमुखाच्या वेळी तर मजाच होते. सासू आरशात सुनेचा चेहरा बघते त्या आरशात आधी फोटोग्राफर दिसतो; मग तो बाजूला सरकतो, आरसा कलता केला जातो, आणि सासूबाईंना पुन्हा पहिल्यांदा बघायला सांगितलं जातं. विधी टिपायला आलेला कॅमेरा असा विधीच बदलून टाकतो.

गंमत अशी की ज्या जागी कॅमेरा सर्वांत जास्त हवा तिथे तो दमलेला असतो. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) सातव्या कलमानुसार जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र हिंदू विवाह सिद्ध करू शकत नाही. आणि आपल्याकडे अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीला वळतात. लाजाहोम आणि सप्तपदीला उरतात गुरुजी, आईबाप आणि दोनचार म्हाताऱ्या. साक्षीदार कमी असतात नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याची साक्ष कामाची, आणि नेमक्या त्याच वेळी ड्रोनवाला बॅटरी बदलत असतो.

‘फोटो काढले की आठवण पक्की होते’ हेही सरसकट खरं नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितल्या त्या जास्त. प्रतिपक्षाला आनंद व्हावा असा भागही त्यात आहे. वस्तूचा एखादा तपशील झूम करून टिपला, तर आठवण तितकी घसरली नाही. पुढे २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आपखुशीने फोटो काढणाऱ्यांची दृश्याची आठवण सुधारलेली दिसली; ऐकलेलं मात्र त्यांना कमी आठवलं. हे प्रयोग स्वतः फोटो काढणाऱ्यांवरचे आहेत, म्हणून ते वधूवरांना लावता येणार नाहीत. मोबाईल उंच धरलेल्या मावश्यांना मात्र ते चपखल बसतात. मंगलाष्टकं ही ऐकायची गोष्ट, आणि नेमकी तीच निसटते.

तासांचं गणित विधीतून येत नाही याचा आणखी एक पुरावा घ्या. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) तीस दिवसांची नोटीस दिल्यावर विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत सह्या होतात. बौद्ध पद्धतीचा विवाहही थोडक्यात आटपतो. तरी तिथेही आठ तासांचं पॅकेज विकलं जातं आणि घेतलंही जातं. मग उरलेले तास भरायला वधूवरांना बागेत नेऊन चालायला लावतात.

याचा अर्थ फोटोग्राफरच नको असा नाही. ‘सगळ्यांकडे मोबाईल आहेत की’ हा हल्लीचा दुसरा टोकाचा पक्षही तितकाच पोकळ आहे. मोबाईलचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरून बारीक होतात, फोन बदलला की जातात, आणि दोन्हीकडच्या साठ माणसांना पायऱ्यांवर उभं करून ‘मागचे, जरा सरका’ असं दरडावायची ताकद भाच्याच्या अंगी नसते. ते काम पैसे घेऊन आलेल्या माणसाचंच.

तेव्हा तास शेवटी ठरवावेत. आधी माणसांची यादी करावी. आजी दमून झोपायच्या आत तिचा फोटो, दोन्ही घरांचा एकत्र फोटो, आतेमामे भावंडांचा, शेजाऱ्यांचा, आणि आईच्या माहेरच्यांचा, जे नेहमी शेवटी आठवतात. हा कार्यक्रम जेवणाआधी, मुहूर्तानंतर लगेच, आणि यादी हातात घेऊन फिरायला चेहरे ओळखणारा घरचा एक माणूस. सीमांतपूजन आदल्या रात्री असेल तर तेवढ्यापुरता एक तास. हळद घरच्यांच्या मोबाईलवर सोडावी, तिथे बिघडलेले फोटोच चांगले दिसतात. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी दीड तास ते विहिणींची पंगत उठेपर्यंत, मोठा कॅमेरा एक आणि मदतनीस एक. पाठवणीला त्यांनी लांबून काम करावं. अंतरपाटाच्या वेळी कुणी कुठे उभं राहायचं हे आदल्या दिवशी हॉलवर जाऊन ठरवावं आणि ते गुरुजींनाही सांगावं. व्हिडिओ हवा असेल तर मंगलाष्टकं आणि सप्तपदी न कापता, मूळ आवाजासकट मागावी. त्यावर सिनेमातलं गाणं चढवू नये. पैसे वाचले तर ते छापील अल्बमवर घालावेत आणि प्रत्येक फोटोखाली नावं लिहून घ्यावीत, आजी सांगू शकते तोवर.