ब्लूजच्या पलीकडे : डेव्ही ग्रॅहम आणि गंधाराचा प्रश्न

ब्रिटनमधील ब्लूज-संगीताचा इतिहास सांगताना एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जेफ बेक अशी विद्युत-गिटारवादकांची एक ठरीव नामावळी दिली जाते. डेव्ही ग्रॅहम (१९४०–२००८) याचे नाव या नामावळीत बहुधा नसते. असलेच तर तळटीपेत असते. याचे एक कारण उघड आहे. त्याचे वाद्य प्रामुख्याने साधी, विजेविना वाजणारी गिटार हे होते, आणि १९६५ नंतरचा काळ विजेच्या गिटारीचा होता. ज्या अल्पसंख्य लेखकांनी त्याची दखल घेतली, त्यांनी त्याचे वर्णन ‘ब्लूज सोडून पौर्वात्य संगीताकडे वळलेला वादक’ असे केलेले आढळते. हे वर्णन मला अपुरे वाटते. ब्लूजमध्येच दडलेल्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत तो पुढे गेला, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न गंधाराचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या या गायनात गंधार धड कोमल नसतो, धड शुद्धही नसतो. गायक तो दोहोंच्या मध्ये कोठे तरी आंदोलित ठेवतो. पियानोच्या पट्ट्यांवर हे साधत नाही. गिटारवर तार पडद्यावरून बाजूला ओढून ते साधता येते. परंतु साथीला पाश्चात्य पद्धतीचे स्वरसंघात वाजू लागले की त्यांतील गंधार निश्चित होतो, आणि वरचा अनिश्चित गंधार त्याच्याशी झगडत राहतो. ब्लूजची गोडी पुष्कळ अंशी या झगड्यातच आहे.

ग्रॅहमचा जन्म लेस्टरशायरमधला. आई गयानाची, वडील स्कॉटिश. लंडनच्या नॉटिंग हिल भागात तो वाढला आणि बाराव्या वर्षी त्याने गिटार हाती घेतली. अलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस या दोघांनी लंडनमध्ये ब्लूजचा पाया घातला तो याच सुमारास. त्यांचा ईलिंग येथील सुप्रसिद्ध क्लब मार्च १९६२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी ‘टॉपिक’ कंपनीने कॉर्नर व ग्रॅहम यांची ‘थ्री-फोर ए. डी.’ ही छोटी ध्वनिमुद्रिका काढली. तीत ‘अँजी’ ही ग्रॅहमची स्वतंत्र रचना आहे. तिच्यात अंगठा खर्जाच्या तारांवर सा, कोमल नी, कोमल ध, प असा अवरोह सतत फिरवीत ठेवतो व उरलेली बोटे वर ब्लूजच्या वळणाची सुरावट गुंफतात. ब्लूजचा रूढ बारा मापांचा साचा येथे नाही. म्हणजे ज्याला त्याचा ‘ब्लूज-काल’ म्हणावयाचे, त्याच काळात तो साच्याबाहेर पडलेला होता. बर्ट जॅन्शने १९६५ मध्ये आणि पॉल सायमनने १९६६ मध्ये ही रचना आपापल्या ध्वनिमुद्रिकांत घेतली. जगाला ‘अँजी’ ठाऊक झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. गिटारच्या सहा तारा रूढ पद्धतीने जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ‘डी’ला षड्ज मानले तर त्या रे, प, सा, म, ध, रे होतात. ग्रॅहमने पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा एकेक स्वर खाली उतरविल्या. आता मेळ झाला सा, प, सा, म, प, सा. मोरोक्कोच्या प्रवासात तेथील ऊद-वादकांबरोबर वाजविण्याच्या खटाटोपातून हा मेळ सिद्ध झाला, अशी हकीगत प्रचलित आहे. तानपुऱ्याशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना त्याचे मर्म सांगावयास नकोच. रूढ लावणीत स्वरसंघात सोयीचे पडावेत हा हेतू असतो. येथे स्थिर षड्ज-पंचम सतत गुंजत राहावा हा हेतू आहे. शिवाय मोकळ्या तारांत गंधार मुळी नाहीच. तो घ्यावयाचा की नाही, कोमल की शुद्ध, की दोहोंमधला, हे पूर्णपणे सुरावटीवर सोपविले आहे. ब्लूजमधील झगडा साथीनेच माघार घेतल्यामुळे मिटला.

१९६३ मध्ये त्याने याच मेळात ‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’ ही आयरिश लोकधून ध्वनिमुद्रित केली. धून आपल्या परिभाषेत खमाज थाटाची, म्हणजे निषाद कोमल असलेली. आरंभी आलापासारखी संथ बढत, मग लयीत प्रवेश, खाली अखंड षड्ज. बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली ती १९६५ च्या अखेरीस, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

१९६५ ची ‘फोक, ब्लूज अँड बियाँड’ ही त्याची सर्वांत परिपूर्ण दीर्घ ध्वनिमुद्रिका. नावात क्रम दिसतो, आत मात्र क्रम नाही. लेडबेलीचा ब्लूज, इंग्लंडची लोकगीते, चार्ल्स मिंगसचे जॅझ आणि ‘माजून’ ही टँजियरची धून अशी सोळा गीते-वाद्यरचना तेथे शेजारी शेजारी नांदतात. (हा अरबी शब्द आपल्याकडे भांगेच्या ‘माजूम’च्या रूपाने जुना परिचित आहे.) ब्लूज मागे टाकावयाचा असता तर अशी मांडणी संभवली नसती. याच सुमारास शर्ली कॉलिन्सच्या गायनाला त्याने दिलेली साथही या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाला जाताना विमान मुंबईस तासभर थांबले असता तो उतरला आणि सहा महिने भारतात हिंडला, असे त्याच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. १९६८ च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत ‘सनशाइन राग’ व ‘ब्लू राग’ या नावांच्या रचना आहेत. माझ्या मते, रागाचे नाव न घेता वाजविलेली १९६३ ची आयरिश धून या दोहोंपेक्षा रागाच्या अधिक जवळ आहे. ‘ब्लू राग’ या शीर्षकात मात्र त्याने स्वतःच्या शोधाची दोन टोके प्रामाणिकपणे जोडली आहेत.

हेरॉइनच्या व्यसनाने त्याची कारकीर्द पोखरली. १९७० नंतर त्याच्या ध्वनिमुद्रिका विरळ झाल्या. शेवटची २००७ मध्ये निघाली व पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. त्याचा मेळ मात्र दूरवर पसरला. यार्डबर्ड्सच्या १९६७ मधील ‘व्हाइट समर’ या रचनेत रचनाकार म्हणून जिमी पेजचे नाव आहे; ती ग्रॅहमच्या १९६३ च्या वादनाशेजारी ठेवून ऐकली असता मूळ कोठले ते कळण्यास वेळ लागत नाही. पेजनेच १९७५ च्या ‘काश्मीर’ या गीतासाठी हाच मेळ वापरला. आयर्लंडच्या लोकसंगीतात तर सत्तरच्या दशकापासून तो साथीचा नेहमीचा मेळ होऊन बसला आहे. वादक त्याला सहा तारांच्या आद्याक्षरांवरून ‘डॅडगॅड’ म्हणतात.