9 इंची पंखा, 10 फेऱ्या

सायखेड्याच्या पुलावर जरा थांबा. खाली गोदावरी, पलीकडे चांदोरी, आणि ओझरच्या बाजूनं एखादं लढाऊ विमान गडगडत येतंय. मान वर करा आणि डोळे मिटा.

आता उघडा. पायाखाली तापलेलं डांबर लागतंय ना? 1970 चं दशक आहे, आणि ही नौदलाची जुनी धावपट्टी, कॅलिफोर्नियातल्या फाउंटन व्हॅलीतलं माइल स्क्वेअर. जमिनीवरून रेडिओनं उडवायच्या छोट्या विमानांची खांबांभोवतीची शर्यत आहे इथं. मोटारींची मागची दारं उघडी, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, पोरांचा गलका. आणि वास! मिथेनॉलचा झोंबरा, त्यामागून जळक्या एरंडेलाचा. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं तेच एरंडेल इथं इंजिनाचं वंगण. संध्याकाळपर्यंत ते तुमच्या केसांत, शर्टात, खाण्यातसुद्धा उतरेल.

शेजारच्या गड्यानं लाकडी पेटी उघडलीय. आत मेपलचे प्रोपेलर, प्रत्येकावर पेन्सिलीच्या खुणा. एक हातात घ्या. 9 इंच व्यास, 7 इंच पिच. म्हणजे हवा घसरू न देता कापली, तर एका फेऱ्यात विमान 7 इंच पुढं जाणार. मिनिटाला 18,000 फेरे धरले तर ताशी 190 किलोमीटरच्या वर! आकडा मोहात पाडतो. मग 8 इंची पिच का नको? अहो, उसानं भरलेली ट्रॉली चढावर वरच्या गिअरमध्ये उठते का? तसंच इंजिन गुदमरतं. विमान जागचं सुटायलाच वेळ खातं, आणि वळणावर मंदावलं की पुन्हा वेग धरत नाही.

म्हणून हा माणूस पॉलिश पेपरनं पातं घासतोय. पातळ करतो, उजेडात धरतो, पिनेवर तोलतो, पुन्हा घासतो. लाकडाचा बारीक भुसा तुमच्या घामट मनगटावर चिकटतो. मला विचाराल तर शर्यतीतलं सगळ्यात देखणं काम हेच. जमिनीवर टॅकोमीटर काय दाखवतो यावर तो भुलत नाही. हवेत ओझं हलकं झालं की फेरे वाढतात, आणि खरं उत्तर तिथंच मिळतं.

चला, आता तुमची पाळी. तुम्ही त्याचे कॉलर, म्हणजे वळण ओरडून सांगणारे. शेपटीशी गुडघे टेकून विमान घट्ट धरा. शेजारी आणखी तीन. जवळच्या डाउनीत बनलेलं के अँड बी इंजिन किंचाळतंय, सायलेन्सर नाही, कानात नुसती शिट्टी. एक्झॉस्टचं तेल चेहऱ्यावर उडतंय. बोटं पंख्यापासून लांब! झेंडा पडला, सोडा!

पळत त्याच्या पाठीशी या. त्यानं नजर विमानावरून हलवायची नाही. लांबच्या खांबापाशी विमान कधी पोचलं हे बघायचं तुम्ही. "वळ!" ओरडा. उशीर झाला तर फुकटचं अंतर, घाई केली तर खांब आतून कापला जाईल आणि ती फेरी बाद. विमान उभं कलंडतं, वळतं, आवाज क्षणभर खाली बसतो. ऐका, याच क्षणासाठी सकाळभर घासाघीस चालली होती. शेजारचं निळं विमान सरळ रेषेत तुमच्यापेक्षा जोरात आहे, पण वळणातून निघताना त्याचं इंजिन कण्हतंय. तुमचं लगेच सुरात येतं. "वळ!" घसा सुकलाय. चौथी फेरी, पाचवी, निळं मागं पडलं. "वळ!"

10 फेऱ्या, चार किलोमीटर, दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. गुडघ्याला डांबर चिकटलंय, कान बधिर झालेत, आणि तो पेटी उघडून विचारतोय, पुढच्या शर्यतीला कोणता पंखा लावू?

समुद्रावरून वारा सुटलाय. लांबच्या खांबावरून परतताना तो थेट तोंडावर येणार. साडेसहा इंची पिचचा द्या.