दप्तरांतलें शिरपूर

एखाद्या गांवाचा लौकिक कोण घडवितो? गांवकरी म्हणतील, आमच्या पूर्वजांनीं. भाविक म्हणतील, देवानें. परंतु ज्यानें तें गांव कधीं पाहिलेलेंच नाहीं, त्या दूरच्या माणसाच्या मनांत त्याचें जें चित्र उभें राहतें, तें पुष्कळदां सरकारी दप्तरांतून आलेलें असतें. वऱ्हाडांतील शिरपूर जैन या गांवाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

शिरपूरची जुनी कीर्ति तीर्थक्षेत्राची. चौदाव्या शतकांत जिनप्रभसूरींनीं आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ ग्रंथांत श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचें माहात्म्य वर्णिलें. मूर्ति भूमीस न टेकतां अधांतरीं राहिली, म्हणून ती ‘अंतरिक्ष’, अशी श्रद्धा. त्या काळीं गांवाचें नांव यात्रेकरूंच्या मुखीं होतें. अधिकाऱ्याच्या लेखणीचें त्याला कारण नव्हतें.

१८५३ सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजी कारभाराखालीं आला. मोजणी झाली, खानेसुमारी झाली, गॅझेटियरें निघालीं. १९०८ सालच्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्यें शिरपूरची आख्यायिका नमूद झाली. एलिचपूरच्या राजास मूर्ति सांपडली. मागें वळून पाहावयाचें नाहीं, या अटीवर तो ती आपल्या नगरास नेऊं लागला. शिरपुरास त्याची श्रद्धा डळमळली, त्यानें मागें पाहिलें आणि मूर्ति तेथेंच स्थिरावली. परदेशी वाचकासमोर उभें राहिलेलें शिरपूर तें हेंच: प्राचीन, शांत, कथेंत रमलेलें.

गांवांतील स्थिति मात्र निराळी होती. मूर्ति एक, पंथ दोन. श्वेतांबर तिला लेप व कटिसूत्र मानीत. दिगंबरांना ती निराभरण हवी. १९०५ सालीं दोन्ही पक्षांनीं आपसांत पूजेचें वेळापत्रक ठरविलें. त्याच वर्षीं वाशीम जिल्हा मोडून हा मुलूख अकोल्यास जोडला गेला. समेट टिकला नाहीं. १९१० सालीं अकोल्याच्या न्यायालयांत दावा दाखल झाला. तेथून तो नागपुरास ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टांत व पुढें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलांत गेला. १९२९ सालीं अखेरचा निकाल लागला: व्यवस्थापनाचा व लेपाचा हक्क श्वेतांबरांस, वेळापत्रकाप्रमाणें पूजेचा हक्क दिगंबरांस.

येथें गांवाचें चित्र पालटलें. ज्या शिरपूरचें नांव तीर्थमाहात्म्यांत होतें, तें आतां कायद्याच्या ग्रंथांत छापलें गेलें. न्यायाधीशांनीं आपलें काम केलें. त्यांच्यापुढें आलें तेवढेंच त्यांनीं पाहिलें. दप्तराचा स्वभावच असा कीं, तंट्याची नोंद होते, सलोख्याची होत नाहीं. महाशिवरात्रीस जानगीर महाराजांच्या संस्थानांत भाविकांची यात्रा भरते, पंगती उठतात. त्यासाठीं कोणास लंडनचा दरवाजा ठोठवावा लागत नाहीं.

निकालानेंही वाद शमला नाहीं. १९८१ सालीं मंदिरास कुलूप लागलें. मूर्तीच्या दर्शनास येणाऱ्यास बंद दाराच्या झरोक्यावर समाधान मानावें लागे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. कुलूप तसेंच राहिलें. बेचाळीस वर्षें ‘कुलूपबंद मंदिराचें गांव’ हीच शिरपूरची ओळख झाली. त्या अवधींत गांवांत एक पिढी वाढली व प्रौढ झाली. तिनें आपल्या गांवाचें दैवत उघड्या दारानें पाहिलें नव्हतें. २०२३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि मार्चमध्यें दार उघडलें.

दाराची किल्ली न्यायालय देऊं शकतें. लौकिक परत देणें त्याच्या हातीं नाहीं. १९०५ चें वेळापत्रक कोणत्याही कोर्टानें लिहिलेलें नव्हतें. तें दोन्ही पक्षांनीं एकत्र बसून लिहिलें होतें, आणि पुढें प्रिव्ही कौन्सिलासही त्याचाच आधार घ्यावा लागला. शिरपूरच्या दप्तरांतील हा एक कागद गांवानें विसरूं नये.